फाइलवर वजन ठेवण्याआधी

अगं, गाळ्याचं वायरिंग अजून पुरं झालं नाही आणि तुला 'साहेबांचं काहीतरी बघा ना' हे ऐकावं लागलंसुद्धा! फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, रात्रभर कूस बदलत पडली असणार. आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझं काहीतरी चुकलं म्हणून तुझ्याकडे पैसे मागितलेले नाहीत. नवी पाटी लागली की मागणारे येतात, आणि गाळ्यावर बाई एकटी दिसली की जरा जास्तच धीट होऊन येतात. गुंटूरची मिरची कधी भरायची, ब्याडगी किती मिसळायची, धणे कुठल्या आचेवर भाजायचे हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. पण या एका विषयाची शिकवणी उद्योजकता शिबिरात कोणी देत नाही. म्हणून आता डबे-पिशव्या बाजूला ठेव आणि माझं ऐक.

खरं सांगू का, माझ्याकडे पहिल्यांदा तपासणीला माणूस आला तेव्हा मी इतकी गांगरले की चहात साखरेऐवजी मीठ घातलं. गृहस्थ भले होते. एक घोट घेतला, कप हळूच बाजूला सरकवला, कागद पाहिले, सही केली आणि गेले. मागितलं काहीच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण खुर्चीवरचा प्रत्येक जण हात पुढे करूनच बसलाय असं धरून तू गेलीस तर तूच आधी पाकीट काढशील. कोणी तोंड उघडायच्या आतच 'काय द्यायचं ते सांगा' म्हणणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात.

बघ, मागणारा तुझ्या पर्सकडे कमी आणि कॅलेंडरकडे जास्त बघतो. दिवाळीची ऑर्डर हातात आहे, पाकिटं छापून आलीत, बँकेचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतोय आणि परवान्याचा पत्ता नाही, ही तुझी घाई त्याच्या लक्षात आली की तो तिची किंमत लावतो. त्यामुळे लाच टाळायचं निम्मं काम घरीच होतं गं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कुठल्या परवान्याला नियमाने किती दिवस ठरलेत ते शोध, त्यावर आणखी थोडे दिवस पदरचे घाल, आणि तेवढा वेळ हातात असेल तरच ऑर्डर घे. एक दिवाळी हुकली तर नणंद दोन टोमणे मारेल, एवढंच. पण घाईने एकदा पैसे सोडलेस की पुढच्या प्रत्येक कागदाला तोच भाव लागतो. मांजराला एकदा दुधाची वाटी दाखवली की ते रोज त्याच वेळेला दारात येऊन बसतं, तसं.

आणि निम्म्या ठिकाणी तर कोणाला काही देण्याचा प्रश्नच नसतो. उद्यम नोंदणीचं घे. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तरी तिचे पैसे उकळणारे गल्लोगल्ली बसलेत. दुकान-आस्थापनेचंही बघ. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामाला माणसं ठराविक आकड्यापेक्षा कमी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, परवानगी मागत बसायचं नसतं. खाण्याच्या पदार्थांच्या छोट्या धंद्याची जी साधी नोंदणी असते, तिच्याबद्दल २०११ च्या नियमांत लिहिलंय की अर्ज केल्यावर सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीचा आदेश यांपैकी काहीच आलं नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर काम सुरू करता येतं. मोठ्या परवान्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे आपण कशात बसतो ते आधी बघ. शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी सांगितलं म्हणून धरून चालू नकोस.

राज्य सरकारच्या सेवांसाठी तुझ्या हातात २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्याबद्दल फार थोड्या जणींना माहिती असते. या कायद्याखाली जाहीर केलेल्या प्रत्येक सेवेला किती दिवस, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावायला हवं. तू पुढच्या वेळी गेलीस की आधी तो फलक शोध आणि त्याचा फोटो काढ. फोटो काढताना कोणी बघितलं तर उत्तमच. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. कसूर झाल्याचं ठरलं तर ५०० ते ५,००० रुपये दंड, आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. रक्कम ऐकून तुला हसू येईल, पण नावावर दंड लागलेला कोणालाच नको असतो.

हे सगळं चालतं एका चिटोऱ्यावर, ते म्हणजे पोच. तुला वाटेल मी भांड्यावर नाव घालून घेणाऱ्या आजीसारखी बोलतेय, पण पोच नसेल तर तुझा अर्ज जगात नाहीच. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती ने. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तर गोड हसून म्हण, 'आवक विभागात देते ना मी, तुम्हाला कशाला त्रास?' ऑनलाइन अर्ज असेल तर क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढ आणि तो वहीतही लिही, कारण मोबाईल नेमका त्याच दिवशी पाण्याच्या बादलीत पडतो. माझा पडलाय. त्रुटी सांगितल्या तर त्याही लेखीच माग. दर खेपेला एक नवी त्रुटी तोंडी निघते ना, ती लिहून मागितली की बहुतेक वेळा तिथेच संपते.

आता तू विचारशील, समोरासमोर मागितलं तर बोलायचं काय? बघ, कोणी 'लाच द्या' असं म्हणत नाही. 'चहापाणी', 'मिठाई', 'फाइलवर जरा वजन ठेवा', 'वरपर्यंत द्यावं लागतं ताई' असली भाषा असते. तिचा अर्थ कळला नाही असं दाखवणं हा पहिला आणि सगळ्यात सोपा उपाय आहे. 'किती फी आहे म्हणालात? पावती कुठल्या खिडकीवर मिळेल?' एवढंच विचार. भोळा चेहरा कर, तुला जमतो तो, सासूबाईंसमोर करतेस तसा. तरी रेटलं तर दुसरं वाक्य: 'आमच्यात दोघी भागीदार आहेत, हिशोब सीएकडे जातो, पावतीशिवाय खर्च टाकता येत नाही.' यात तू त्याच्यावर आरोप करत नाहीस, भांडतही नाहीस, फक्त दार लावून घेतेस. आवाज चढवू नकोस, उपदेश करू नकोस. आणि 'मिस्टर कुठे आहेत, त्यांच्याशीच बोलतो' असं म्हणाले तर शांतपणे सांग, सही माझी आहे, बोलायचं माझ्याशीच.

एकटी जाऊ नकोस, हेही त्यातच आलं. सोबत बहीण असो, कामावरची ताई असो, कोणीतरी हवंच. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर 'बाहेर कुठेतरी बसून बोलू' असं सुचवलं तर जायचं नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण ती कोणी बोलत नाही: पैशाऐवजी दुसरंच काही सूचकपणे मागितलं गेलं, तर कायद्याच्या दृष्टीने तीही लाचच आहे. कायद्यात गैरलाभ म्हणजे नुसता पैसा धरलेला नाही. अशा वेळी गप्प बसून 'आपलंच काही चुकलं का' असा विचार करत बसायचं नाही, समजलं ना?

नमुना घ्यायला येतील त्या दिवसाची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे ना? त्याचंच जरा सविस्तर सांगते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हे सगळं पायरीपायरीने घालून दिलंय. आलेल्या माणसाचं ओळखपत्र आधी बघ, कारण खोटे अधिकारी बनून फिरणारेही असतात. नमुना घेताना तुला लेखी सूचना मिळायला हवी. नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, आणि चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा अशी मागणी तुला करता येते. ती तिथल्या तिथे, लेखी कर. विश्लेषकाने अहवाल चौदा दिवसांत द्यायचा असतो, आणि तो विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील करता येतं. आणि गंमत ऐक, नेलेल्या तिखटाची बाजारभावाने किंमत त्यांनी तुला द्यायची असते! पाव किलो तिखटाच्या पैशांनी आपण श्रीमंत होणार नाही, पण ती पावती मागितलीस की समोरच्याला कळतं, या बाईने कायदा वाचलाय. उगाच छळायला केलेली कारवाई असेल तर त्या अधिकाऱ्यालाही याच कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे त्याच्या तोंडावर बोलू नकोस हं. तुला माहीत असलं म्हणजे पुरे, पाय लटपटत नाहीत.

पण आता जरा कान धरते तुझा. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा आपलं ताट स्वच्छ असतं. मिरची फिकी निघाली म्हणून रंग घातला, पाकिटावर तारीख पुढची छापली, नऊ माणसं दाखवून चौदा राबवली, आणि मग आलेल्या माणसाने तोंड बंद ठेवायचे पैसे मागितले, तर तिथे तू अडवणुकीची बळी नाहीस. तो दोघांनी मिळून केलेला सौदा आहे. आपल्याकडे 'द्यावंच लागतं हो' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं हे असतं, फक्त ते कोणी सांगत नाही. म्हणून महिन्यातून एक दुपार काढ आणि आपणच अधिकारी आहोत असं समजून स्वतःच्या गाळ्यात फीर. परवाना भिंतीवर दिसतो का? नूतनीकरणाची तारीख केव्हाची? हजेरीपट, पाण्याचा तपासणी अहवाल, उंदरांचा बंदोबस्त, कामाला असलेल्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, सगळं एका फाइलीत आहे का? चूक सापडली तर ती सुधारायला लागणारा पैसा लाचेपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागत नाही.

कायद्याचं एक मात्र नीट समजून घे, कारण इथे पुष्कळ जण जुन्या समजुतीवर चाललेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, पण २०१८ मध्ये तो बदलला. घेणाऱ्याला तीन ते सात वर्षं शिक्षा आहेच, पण आता लाच देणंही सरळसरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. घाबरू नकोस, पुढचं ऐक. नाइलाजाने, दबावाखाली द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत तू तपास यंत्रणेला कळवलंस, तर तुझ्यावर तो गुन्हा लागत नाही. आधीच कळवून त्यांच्या सांगण्यावरून दिलीस तर प्रश्नच नाही. म्हणजे बघ, जी बाई गुपचूप देते आणि गप्प बसते, ती स्वतःच अडकते. आणि ज्याला दिलं त्याच्या हातात कायमची एक दोरी देते. आणखी एक. तुमची भागीदारी संस्था आहे, त्यामुळे तुमच्या कामासाठी तुमच्या माणसाने किंवा एजंटाने लाच दिली तर संस्थेलाही दंड होऊ शकतो. 'मला माहीत नव्हतं' एवढ्याने भागत नाही. असं होऊ नये म्हणून आम्ही पुरेशी व्यवस्था केली होती हे दाखवावं लागतं. आणि आयकरात असल्या खर्चाची वजावट मिळत नाही, मग हिशोबात त्याला 'किरकोळ' म्हण नाहीतर 'प्रवासखर्च'.

म्हणूनच ते लायसन्सवाले भाऊ, 'सगळं धरून एवढे द्या, तुम्ही काळजीच सोडा' म्हणणारे, त्यांच्यापासून सांभाळून राहा. सल्लागार नेमण्यात काही वाईट नाही, सगळे फॉर्म आपल्याला कुठे जमतात? पण ठोक रक्कम कधी द्यायची नाही. त्यांची फी किती, सरकारी शुल्क किती, दोन्ही वेगळं लिहून माग. शुल्काची सरकारी पावती तुझ्या नावाची, शुल्क भरायचं तेही तुझ्या खात्यातून, आणि पोर्टलचा पासवर्ड तुझ्याकडे. बिलात 'इतर' नावाची ओळ दिसली की तिथे बोट ठेवून विचार. अनुदानाच्या योजनांत तर हे फार चालतं. सूक्ष्म खाद्य उद्योगांची जी पंतप्रधान योजना २०२० मध्ये आली, पस्तीस टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदानाची, तिच्यात अर्जदाराला मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. कर्ज मंजूर झालं की त्यांना सरकार मानधन देतं. अनुदानातला टक्का तुझ्याकडे मागण्याचं त्यांना काही कारण नाही, आणि तिसऱ्याच कोणी मागितला तर त्याहून नाही.

आता तो मोठा प्रश्न. सगळं करूनही एखादा अडूनच बसला तर? मग १०६४. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री नंबर आहे हा, मोबाईलमध्ये घाल. दूधवाल्याच्या खाली येईल, शोधायला सोपा. 'सापळा' म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो, मला माहितेय. प्रत्यक्षात ते बरंचसं कागदी काम असतं. तू त्यांच्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन तक्रार सांगतेस. ते आधी पडताळणी करतात, म्हणजे रेकॉर्डर आणि पंच सोबत देऊन मागणी खरंच होते का ते बघतात. पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. मग नोटांचे क्रमांक लिहून घेतात, नोटांना अशी पावडर लावतात की ती हाताला लागली की पुढे तपासणीत दिसते. तू सांगितल्याप्रमाणे जायचं, समोरच्याने मागितलं तर द्यायचं, ठरलेली खूण करायची. बाकी सगळं त्यांचं काम. स्वतःहून 'घ्या ना, घ्या ना' असा आग्रह मात्र करायचा नाही, कारण खटल्यात मागणी सिद्ध व्हावी लागते आणि सगळा डोलारा तिच्यावरच उभा असतो. सापळ्यात गेलेले तुझे पैसे सरकारकडून परत मिळतात, आणि तुझं अडलेलं काम मार्गी लागावं म्हणून विभाग पाठपुरावाही करतो.

गोड गोड तेवढंच सांगून तुला फसवणार नाही. खटले रेंगाळतात. तुला साक्षीला जावं लागेल, उलटतपासणीत नको ते विचारतील, आणि त्या कार्यालयातले बाकीचे काही दिवस तुझ्याकडे बघून तोंड फिरवतील. मधल्या काळात 'मिटवून टाका' म्हणणारे चुलत सासरे निघतात, हमखास. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की तक्रारदार फिरला किंवा हयात नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. पण तू फिरू नकोस. या वाटेने जायचं की नाही ते घरी नीट बोलून ठरव. नाही जमलं तर ते पाप नाही. अपील आहे, माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात 'माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली' एवढंच विचार, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तोही आहे. माझा अनुभव असा की दहातली बरीच कामं या साध्या वाटांनीच सुटतात, सापळ्यापर्यंत जावंच लागत नाही.

आणि गं, सरकारी कार्यालयापुरतंच हे आहे असं समजू नकोस. तुझा माल ज्या मोठ्या दुकानांच्या साखळीत किंवा कँटीनला जाईल, तिथला खरेदी बघणारा माणूस 'माझं काय?' म्हणेल तेव्हा तू जास्त गोंधळशील, कारण तिथे तो बिल अडवतो आणि तोंड वाजवलं की ऑर्डर जाते. खासगी माणसाने खासगी माणसाकडून घेतलेला कट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, त्यामुळे १०६४ चा इथे उपयोग नाही. पण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायलाच हवं, असं २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि असे वाद ऐकणाऱ्या परिषदेचा निर्णय तुझ्या बाजूने लागला तर त्याला आव्हान द्यायला त्या कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तो खरेदीवाला मालक नसतो, हे विसरू नकोस. त्याच्या मालकाला माहीत नसतं की आपल्या बिलात त्याचा टक्का मिसळलाय. एकाच गिऱ्हाइकावर निम्मा धंदा टांगून ठेवला नसशील, तर 'नाही' म्हणताना जीभ जड होत नाही. त्यामुळे मोठी ऑर्डर आली म्हणून किराणा दुकानांची छोटी गिऱ्हाइकं तोडू नकोस, मी कितीदा सांगू!

उद्या लंडनच्या आपल्या मराठी मंडळींना लोणचं पाठवायचं स्वप्न आहे ना तुझं? तिथला आयातदार तुझ्याकडे लाचविरोधी धोरण लेखी मागेल. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात कंपनीसाठी काम करणाऱ्या कोणी, कुठेही लाच दिली तर ती कंपनीच्या अंगाशी येते, आणि किरकोळ 'काम लवकर व्हावं म्हणून' दिलेले पैसेही त्यात सुटत नाहीत. धोरण म्हणजे जाडजूड पुस्तक लागतं असं नाही. मराठीत एक पान लिही: आमच्याकडे कोणी पावतीशिवाय पैसे देणार नाही, मागणी झाली तर त्याच दिवशी मालकिणीला सांगायचं, सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही, डिलिव्हरीला उशीर झाला तर चालेल. ते टेम्पोवाल्या पोराला आणि पॅकिंगच्या बायकांना वाचून दाखव. त्या पोराच्या खिशात तू रस्त्यावरच्या 'खर्चासाठी' सुटे पैसे देत असशील, तर धोरण भिंतीवर आणि लाच टेम्पोत, असं होईल.

एकटेपणाचं सांगायचं राहिलंच. एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनेची सभासद हो, आणि वर्गणी भरून घरी बसू नकोस, बैठकीला जा. सुरुवातीला सगळे पुरुष कंप्रेसरच्या गप्पा मारतील, तू चिवडा खात बस. हळूहळू कळेल की ज्या टेबलावर तुझी फाइल अडली तिथेच आणखी सात जणांच्या अडल्यात. मग एकीचं नाव न येता संघटनेच्या लेटरहेडवर पत्र जातं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली उद्योग मित्र समितीची बैठक होते तिथे विषय निघतो, आणि जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना उत्तर द्यावं लागतं. तामिळनाडूत फिफ्थ पिलर नावाच्या संस्थेने २००७ पासून शून्य रुपयांच्या नोटा छापून वाटल्या. मागणाऱ्याच्या हातात तीच ठेवायची. मला विचारशील तर नोटेपेक्षा तिच्यामागे उभी असलेली संस्था त्या माणसाला दिसते, आणि तो हात मागे घेतो. तुझ्या गाळ्यांच्या रांगेत तुम्ही पाच-सहा जणींनी 'आमच्यापैकी कोणीच देणार नाही' एवढं ठरवलंत तरी पुष्कळ आहे. एकीने दिलं की बाकीच्यांचा भाव ठरतो, म्हणून हे आधी ठरवायचं.

दिवाळीच्या डब्यांचं विचारलं होतंस ना. कार्यालयात फराळ द्यायचा की नाही? मी देत नाही. ज्याच्याकडे आपला कागद पडलाय त्याला चकलीसुद्धा द्यायची नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचं काही कारण नाही. गिऱ्हाइकांना द्यायचे तर सगळ्यांना सारखे, आपल्याच मसाल्याचे, दुकानाच्या पत्त्यावर, कोणाच्या घरी नाही. आणि कोणाला काय दिलं ते वहीत. 'बाकीचे चांदीची नाणी देतात' असं तुझा सेल्सवाला म्हणेल. म्हणू दे. तू गोडा मसाल्याची पाकिटं भर, आणि हो, अर्जाच्या त्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतलास की मला फोटो पाठव. तारीख दिसेल असा काढ, मागच्या वेळी नुसता अंगठाच आला होता.